‘तीन वर्षं वाट बघा, आपोआप बोलेल’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरत असतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: मूल तीन वर्षांपर्यंत बोललं नाही तरी घाबरू नका, मुलगे उशिराच बोलतात. घरात मराठी आणि बाहेर कन्नड यामुळे मुलाचा गोंधळ होतो, म्हणून एक भाषा बंद करा. ताट वाजवल्यावर मान वळवतो ना, मग कान चांगले आहेत. जीभ जड असेल तर वेखंड मधात उगाळून चाटवा. आणि सरकारी तपासणीला नेऊ नका, एकदा कागदावर आलं की अपंग म्हणून शिक्का बसतो.

घाबरलेल्या आईला धीर द्यावा एवढाच पाठवणाऱ्याचा हेतू असतो, हे मान्य. पण यातल्या एकेका वाक्यावर विसंबून घरं सहा-आठ महिने, कधी वर्षभर थांबतात. मेंदू भाषा सगळ्यात झपाट्याने शिकतो तो नेमका याच वयात, म्हणून एकेक वाक्य तपासून बघायला हवं.

‘तीन वर्षांपर्यंत वाट बघा.’ यात खरं एवढंच आहे की उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात. पण दोन वर्षांच्या दहा मुलांकडे नुसतं बघून त्यातली कोणती आपोआप बोलतील हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून वयाच्या खुणा ठरवलेल्या आहेत. १२ महिन्यांपर्यंत ‘बाबाबा, दादादा’ अशी बडबड नाही, टाटा करणं किंवा बोटाने दाखवणं नाही. १६ महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही. २४ महिन्यांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत, म्हणजे ‘आई ये’, ‘दूध दे’ असं काही नाही. यातलं एक जरी दिसलं तरी तपासणी करायची. आणि आलेले शब्द निघून गेले, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवायचं. मुलगे थोडे मागे असतात हे खरं, पण तो फरक महिना-दोन महिन्यांचा. वर्षभराचा नव्हे.

बोलण्याइतकंच समजणंही बघा. ‘त्याला सगळं कळतं, फक्त बोलत नाही’ असं घरोघरी ऐकू येतं. हे कळणं कसं तपासलं जातं? आई म्हणते ‘चप्पल आण’, आणि म्हणतानाच तिची नजर चपलेकडे जाते, हातही पुढे होतो. मूल शब्द नव्हे, हात वाचतं. हात मांडीवर ठेवा, मुलाच्या तोंडाकडे बघा आणि तेच म्हणा. दीड वर्षाच्या मुलाला रोजच्या वापरातली अशी एक साधी सूचना हाताच्या खुणेशिवाय कळायला हवी. नावाने हाक मारल्यावर वळत नाही, रस्त्यावरचा बैल किंवा आकाशातलं विमान बोटाने दाखवून तुमच्याकडे बघत नाही, असं असेल तर प्रश्न फक्त बोलण्याचा नसतो. स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) दृष्टीनेही तपासणी हवी. त्यासाठीची २० प्रश्नांची यादी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीच बनवलेली आहे. तीन वर्षं थांबलात की तिचं वय उलटून जातं. मोबाईलवरची एबीसी किंवा गाणी धडाधड म्हणतो म्हणून निर्धास्त राहू नका. पाठ म्हणणं वेगळं, तहान लागल्यावर ‘पाणी’ म्हणणं वेगळं.

आता भाषेचं. आपल्याकडे हा मुद्दा सगळ्यात जास्त बोलला जातो आणि सगळ्यात जास्त चुकतो. दोन भाषा कानावर पडल्याने मूल बोलायला मागे पडत नाही. अडचण असेलच तर ती दोन्ही भाषांत दिसते. मागे पडल्यासारखं वाटतं ते मोजण्याच्या चुकीमुळे. आई फक्त मराठी शब्द मोजते, शेजारची अक्का फक्त कन्नड.

त्यापेक्षा कॅलेंडरच्या जुन्या पानामागे दोन रकाने आखा. एकात ‘पाणी, भाऊ, नको, दूध’, दुसऱ्यात ‘नीरु, साकु, बा, हालु’. आठवडाभर घरातल्या प्रत्येकाने ऐकलेला शब्द लिहायचा. उच्चार बोबडा असला तरी चालतो, मूल तो त्याच गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा वापरतं ना, एवढंच बघायचं. मग दोन्ही रकाने मिळून बेरीज करा. दीड वर्षाला साधारण दहा-वीस, दोन वर्षांना पन्नासच्या आसपास शब्द असावेत. मूल ‘पाणी बेडा’ (पाणी नको) म्हणालं तर हसून सोडून देऊ नका. ते दोन शब्दांचं पूर्ण वाक्य आहे. एक शब्द मराठी आणि एक कन्नड म्हणून त्याचे मार्क कापायचे नसतात.

भाषा बंद करण्याच्या सल्ल्याने नुकसानच होतं. आजीला मराठीच येते. तिला ‘याच्याशी कन्नडच बोल’ म्हटलं की ती बोलणंच कमी करते, आणि दिवसातलं सगळ्यात जास्त बोलणारं माणूस गप्प होतं. ज्याला जी भाषा मनापासून येते तीच त्याने मुलाशी बोलावी. तपासणीच्या वेळी मात्र नाव नोंदवतानाच स्पष्ट सांगा, ‘घरची भाषा मराठी, शेजारची कन्नड’. थेरपिस्ट कन्नड बोलणारे असतील तर चाचणीतली चित्रं दाखवताना मराठी शब्द तुम्ही म्हणा, आणि घरी करायच्या गोष्टी मराठीत लिहून घ्या. चुकीच्या भाषेत घेतलेल्या चाचणीत चांगलं बोलणारं मूलही नापास होतं.

मेसेजमधला कानाचा मुद्दा सगळ्यात घातक आहे. ताट वाजवल्यावर मूल वळतं त्याला चार कारणं असू शकतात. फरशीतून हादरा येतो, वाजवणाऱ्याची सावली हलते, हाताचा वारा लागतो, नाहीतर समोर बसलेल्या आईची नजर ताटाकडे गेलेली असते. आणि खरंच ऐकू आलं तरी ताटाचा दणका आणि बोलणं यांत फार अंतर आहे. चढ्या स्वरांचा बहिरेपणा असलेल्या मुलाला ढोल, बुलेट, दाराचा आवाज ऐकू येतो. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘च’ ऐकू येत नाहीत. त्याच्या कानाला ‘चप्पल’ म्हणजे ‘अपल’. असं मूल हाकेला कधी वळतं, कधी नाही, आणि घरचे त्याला हट्टी ठरवतात.

खरी तपासणी अवघड नाही. पहिलीत कानात छोटी मऊ नळी ठेवतात, यंत्र बारीक आवाज सोडतं आणि आतल्या कानातून परत येणारा प्रतिध्वनी मोजतं. तिला ओएई म्हणतात. मूल झोपलेलं असेल तर काही मिनिटांत होते. दुसरी बेरा. कपाळावर आणि कानामागे चिकटपट्ट्या लावून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. तिला अर्धा ते एक तास लागतो आणि मूल गाढ झोपावं लागतं. बहुतेक वेळा काम बिघडतं ते इथेच. मूल बसमध्ये झोपून येतं आणि खोलीत टक्क जागं राहतं. त्या दिवशी पहाटे लवकर उठवा, प्रवासात जागं ठेवा, तिथे पोचल्यावर पोटभर पाजा. झोपेचं औषध द्यायचं तर डॉक्टरच देतील, घरून काही देऊन नेऊ नका.

बाळ जन्मल्यावर काचेत ठेवलं होतं, कावीळ इतकी वाढली की रक्त बदलावं लागलं, मेंदूज्वर झाला, किंवा आईवडिलांचं लग्न नात्यात झालं आहे, तर जोखीम जास्त. मामाच्या किंवा आत्याच्या घरातलं लग्न आपल्या भागात नवं नाही. ते लपवू नका, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. काचेत राहिलेल्या आणि कडक कावीळ झालेल्या बाळांची ओएई ठीक आली तरी बेरा मागून घ्या, कारण कान चांगला आणि पुढची नस कमजोर असं त्यांच्यात होऊ शकतं. सर्दीमुळे कानात पाणी साचून तात्पुरतं कमी ऐकू येतं, त्याची तपासणी आणखी वेगळी.

नियम सोपा आहे: पहिल्या महिन्यात कानाची चाळणी (शंका आहे का एवढंच बघणारी पहिली तपासणी), तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र आणि थेरपी सुरू. हे महिने उलटून गेले असतील तर आज सुरू करा. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांना केंद्राच्या अडिप योजनेत कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवायचं ऐकण्याचं यंत्र, मिळतं, पण वयाची अट पाच वर्षांच्या आतली आहे. त्याआधी श्रवणयंत्र वापरून बघणं, स्कॅन, लसी यांत महिने जातात. तीन वर्षं वाट बघणाऱ्याच्या हातात फार थोडा वेळ उरतो.

वेखंड आणि मध. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचाच नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम होतो, बाळ लुळं पडतं, श्वास अडू शकतो. वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. त्यामुळेच अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे. सहाणेवर किती वळसे उगाळलं याला काही माप नसतं. जिभेखालची दोरी आखूड असेल तर दूध ओढताना किंवा पुढे काही उच्चारांत अडचण येऊ शकते, पण त्यामुळे मूल मुकं राहत नाही. दोरी कापून शब्द येत नाहीत. जीभ जाड, सारखी बाहेर, रडणं घोगरं, शौचाला घट्ट असं असेल तर थायरॉईडची रक्ततपासणी करा. ती वेळेत झाली तर गोळीने पुढचं मोठं नुकसान टळतं.

‘शिक्का बसतो.’ नाही बसत. चाळणी तपासणी आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्रासाठी पालकांना वेगळा अर्ज करावा लागतो; तुम्ही केला नाही तर ते कुणी काढत नाही. निदान झाल्यावर काढलंत तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या सोयी मिळतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्राच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, आणि त्यात थेरपीही धरलेली आहे.

जायचं कसं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून देशभर आहे. त्याचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. अंगणवाडीच्या टीचरना पुढची तारीख विचारा, पण तारीख लांब असेल तर थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयाकडे जाता येतं. कार्यक्रमाच्या रचनेत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं आणि तिथे बालरोगतज्ज्ञ, वाचा-श्रवणतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक ही सगळी माणसं एका छपराखाली असावीत असं धरलेलं आहे. मात्र प्रत्येक जागा भरलेली असेलच असं नाही. म्हणून निघण्याआधी फोन करून वाचातज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ते विचारा. खानापूरच्या आतल्या गावातून पहाटेची बस धरून आलेल्या बाईला ‘उद्या या’ ऐकावं लागू नये.

सोबत तायी कार्ड (गरोदरपणात मिळालेलं आई-बाळाचं सरकारी कार्ड), बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड, तो दोन रकान्यांचा कागद, आणि मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या: मूल नेहमीसारखं खेळतंय आणि मागून कुणी नावाने हाक मारतंय. अनोळखी खोलीत मूल रडतं किंवा आईला चिकटतं. घरी ते कसं असतं हे व्हिडिओच दाखवतो.

‘अंगणवाडीत घातलं की बोलेल’ हेही अर्धंच खरं. चार मुलांत मिसळल्याने फायदा होतो, पण ऐकू न येणारं मूल गर्दीत आणखी हरवतं. आधी कान तपासा, मग अंगणवाडी आणि थेरपी दोन्ही.

थेरपी आठवड्याला अर्धा-पाऊण तास. बाकीचं काम घरचं. टीव्ही बंद, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला बसायचं, दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं. भाकरी थापताना त्याला समोर बसवा: ‘पीठ’, ‘थाप थाप’, ‘गरम, फू!’ एक शब्द म्हणायचा आणि मनात दहापर्यंत मोजत थांबायचं. थांबणंच सगळ्यात अवघड जातं, तीन आकड्यांतच मोठी माणसं पुढचं बोलून टाकतात. मूल ‘फू’ म्हणालं की तुम्ही ‘भाकरी फू’ म्हणा, त्याच्यापेक्षा एकच शब्द जास्त. ‘हे काय? म्हण ना, म्हण!’ असा तपास लावू नका, मूल तोंड मिटतं. केळं हवं म्हणून बोट दाखवलं तर ‘केळं की बिस्कीट?’ विचारून दोन्ही समोर धरा, पण बोलेपर्यंत उपाशी रडवू नका.

श्रवणयंत्र मिळालं असेल तर ते कपाटात राहू देऊ नका. पहिले दिवस मूल ते उपसून टाकतं. अर्ध्या तासापासून सुरू करून जागं असेपर्यंत पूर्ण वेळ न्यायचं, टोपीखाली किंवा दोरीने कपड्याला अडकवायचं. कान वाढतो तसा यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारतं, मग साचा नवा करून घ्या, आवाज कमी करून चालवू नका. आणि बॅटरीच्या झाकणाला लहान मुलांसाठीचं कुलूप मागून घ्या. गोल बॅटरी गिळली तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. उलटी काढू नका, एक्स-रे असलेल्या दवाखान्यात लगेच न्या.

निपाणीकडच्या घरांना कोल्हापूर जवळ पडतं आणि तिकडे दाखवायलाही हरकत नाही. फक्त दोन ठिकाणी अर्धी-अर्धी थेरपी करू नका. एक केंद्र पक्कं धरा, दर वेळी घरचा अभ्यास लिहून घ्या, आणि दर तीन महिन्यांनी तो दोन रकान्यांचा कागद नव्याने भरून सोबत न्या. आकडा वाढला नसेल तर ‘आता काय बदलायचं?’ हे तिथेच विचारा.