टेहळणी मनोऱ्याची चावी कुणाकडे?

कोकणात पर्यटक बुडाल्याची बातमी आली की पुढचे काही दिवस ठरलेल्या मागण्या होतात: जीवरक्षक नेमा, मनोरा बांधा, बोट द्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले, तेव्हा हेच झाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरीला बेळगावच्या महाविद्यालयातून आलेले आठ जण बुडाले, तेव्हाही हेच. अशा वेळी हमखास कुणीतरी ऑस्ट्रेलियाचा दाखला देतो. तिथे गावोगावी किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या स्वयंसेवकांचे क्लब आहेत, सरकार त्यांना इमारतीसाठी अनुदान देते, मग आपल्याकडे का नको?

सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्ये राहून या क्लबांचा कारभार जवळून पाहिला की ही सूचना अर्धीच पटते. इथले अनुदान साखळीच्या शेवटच्या कडीला येते, आणि आपल्याकडे नेमकी तीच कडी आधी हातात घेतली जाते.

या राज्यात सर्फ लाइफ सेव्हिंगचे १२९ क्लब आहेत. चळवळीला शंभराहून अधिक वर्षे झाली. पहिला क्लब सिडनीतल्या बोंडायचा की ब्राँटीचा, हा वाद अजून मिटलेला नाही, पण राज्य संघटना १९०७ ची आहे, याबद्दल वाद नाही. गस्तीचा हंगाम सप्टेंबरअखेरच्या शाळेच्या सुट्टीपासून एप्रिलमधल्या अँझॅक डेपर्यंत चालतो. शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्यांना लाल-पिवळ्या गणवेशातले स्वयंसेवक किनाऱ्यावर उभे असतात. बोंडायसारख्या गर्दीच्या किनाऱ्यांवर त्यांच्या जोडीला नगर परिषदेचे पगारी जीवरक्षकही असतात, आणि आठवड्याच्या इतर दिवसांचा भार मुख्यतः तेच उचलतात. दाखला देताना हा पगारी भाग बहुतेक वेळा गाळला जातो.

स्वयंसेवक म्हणून कुणालाही उभे करत नाहीत. ब्राँझ मेडॅलियन हे प्रमाणपत्र लागते. वय किमान १५, तलावात ४०० मीटर नऊ मिनिटांच्या आत, मग समुद्रावर २०० मीटर धावणे, २०० मीटर पोहणे आणि पुन्हा २०० मीटर धावणे, सगळे मिळून आठ मिनिटांत. शिवाय प्रथमोपचार आणि हृदय-श्वसन पुनरुज्जीवन. कौशल्यांची तपासणी दरवर्षी नव्याने होते, ती चुकली तर गस्तीच्या यादीत नाव राहत नाही. असे पंचवीस-तीस जण एका गावात तयार झाले, त्यांचे वेळापत्रक लागले, की मग इमारतीचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो.

राज्याच्या ऑफिस ऑफ स्पोर्टमार्फत सर्फ क्लबांच्या इमारतींसाठी स्वतंत्र अनुदान योजना चालते. इमारत बहुधा सरकारी जमिनीवर असते, ती जमीन नगर परिषद सांभाळते आणि क्लब भाडेकरू किंवा परवानाधारक असतो. म्हणून अर्ज करताना पहिला कागद लागतो तो जमीनमालकाच्या लेखी संमतीचा. त्यानंतर नकाशे, खर्चाचा अंदाज, ठेकेदारांचे दर, क्लबचा किंवा परिषदेचा स्वतःचा वाटा आणि पुढची देखभाल कोण करणार याचे उत्तर. काम आधीच सुरू केले असेल तर त्याचे पैसे मिळत नाहीत. रक्कम टप्प्याटप्प्याने येते आणि शेवटी बिलांसह हिशेब द्यावा लागतो.

गोची होते ती बहुतेक वेळा अंदाजपत्रकात. अर्ज ते निविदा यांत वर्ष-दीड वर्ष सहज जाते आणि तोवर बांधकामाचे दर चढतात. जुन्या इमारतीची भिंत फोडली की आत गंजलेली सळई किंवा ॲस्बेस्टॉसचा पत्रा निघतो. अनुदानाची रक्कम मात्र ठरलेली असते. म्हणून जाणते क्लब १० ते १५ टक्के आकस्मिक खर्च सुरुवातीलाच धरतात. जे धरत नाहीत, त्यांचे काम छप्पर चढण्याआधी थांबते. स्वतःचा वाटा घालण्याची अट मला खटकते ती वेगळ्या कारणाने. सिडनीतल्या क्लबाकडे समुद्राकाठचा हॉल असतो, तो लग्नांना भाड्याने जातो, खाली कॅफे असतो. दूरच्या छोट्या गावातल्या क्लबाकडे यातले काहीच नसते, आणि दुरुस्तीची गरज त्यालाच जास्त असते. जोड रक्कम मागणारी कोणतीही योजना अशी श्रीमंताकडे झुकते. आपल्याकडे ती आणायची झाल्यास लोकवर्गणीऐवजी श्रमदान आणि गस्तीचे तास हाच गावाचा वाटा धरला पाहिजे.

इथल्या करदात्यांची तक्रारही ऐकण्यासारखी आहे: बारमधून समुद्र दिसावा म्हणून आमचे पैसे का? काही इमारतींबाबत ती रास्त आहे. पण अनुदानाचा जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, त्याला समुद्राचा देखावाच नाही. तो म्हणजे महिलांसाठी कपडे बदलण्याची खोली. या चळवळीत १९८० पर्यंत स्त्रियांना गस्तीच्या पूर्ण सदस्य होता येत नव्हते. त्यामुळे आधीच्या इमारतींत पुरुषांची एकच मोठी खोली आणि उघडे शॉवर. आज गस्तीवर मुली मोठ्या संख्येने आहेत. ओल्या कपड्यांनी गाडीत जाऊन कपडे बदलावे लागले तर पंधरा-सोळा वर्षांची मुलगी एक हंगाम काढते आणि दुसऱ्याला येत नाही. एवढ्या कष्टाने तयार झालेली जीवरक्षक कडी लागणारे दार नाही म्हणून गमावणे परवडत नाही. म्हणून नव्या कामांत बंद कक्ष, प्रत्येक कक्षात स्वतंत्र शॉवर, कचऱ्याची सोय आणि चौदास एक उताराचा (चौदा मीटरला एक मीटर चढ) रॅम्प हे आधी येते, हॉल मागून.

कोकणात महिला जीवरक्षक अपवादानेच दिसतात. किनाऱ्यावर शौचालय असते, पण ते पर्यटकांसाठी, आणि संध्याकाळी सहाला कुलूप. मुलींना प्रशिक्षण द्या म्हणणाऱ्यांनी आधी ही खोली मागावी.

आता बोटीची शेड, कारण वेळ खरी तिथे वाचते किंवा वाया जाते. इथली फुगवता येणारी बचाव बोट ३.८ मीटर लांब असते, २५ किंवा ३० अश्वशक्तीच्या इंजिनाची. ट्रेलर आणि मागे वर उचललेले इंजिन धरले की पाच मीटरहून जास्त लांबीची जागा लागते, आणि बाजूने माणूस फिरेल एवढी जागा वेगळी. साडेदहा फुटी रेस्क्यू बोर्ड (पाण्यावर हातांनी वल्हवायच्या फळ्या) भिंतीवर आडवे ठेवायचे, आणि तेही दाराजवळ, कारण बोटीआधी बोर्ड पाण्यात जातो. जमिनीला दाराकडे उतार, दारात गोड्या पाण्याचा नळ आणि पाणी जाते तिथे वाळू अडवणारा खड्डा. इंजिन प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवायचे असते. मीठ थंडाव्याच्या वाटा बुजवते, वाळू पाण्याच्या पंपाची रबरी पाती झिजवते. शेडला नळ नसेल तर एक हंगाम बरा जातो, पुढच्या हंगामात इंजिन ऐन लाटेत तापून बंद पडते. पेट्रोल वेगळ्या कोठडीत ठेवायचे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून झरोके जमिनीलगतही हवेत, नुसते वर ठेवून भागत नाही. प्रथमोपचाराचा ऑक्सिजन सिलिंडर त्या कोठडीच्या आसपासही नको.

समुद्राची खारी हवा मात्र दोन्हीकडे सारखीच क्रूर. सळई गंजली की फुगते, काँक्रीट तडकते, तडीतून आणखी मीठ आत जाते. काँक्रीटच्या आपल्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, यावर उत्तर आहे: किनाऱ्याच्या हवेत किमान एम-३० प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटरचे आवरण, लाटांचे तुषार पोहोचतात तिथे एम-३५ आणि ५० मिलिमीटर. कागदावर हे लिहिलेले असते. जागेवर सळईखालचे ठोकळे सरकतात, आवरण २० मिलिमीटर उरते, आणि पाचव्या-सहाव्या पावसाळ्यात मनोऱ्याच्या जिन्याखालून लाल ओघळ दिसू लागतात. स्टेनलेस स्टील मागवताना ३१६ प्रतीचे मागवावे, ३०४ किनाऱ्यावर डागाळते आणि खड्डे पडतात. गुंडाळायचे शटर तर शक्यतो टाळावेच. त्याच्या खाचांत वाळू बसते, स्प्रिंग गंजते आणि नेमक्या घाईच्या वेळी दोन माणसांना ते उचलता येत नाही. बाहेर उघडणारे साधे दुपाखी दार, जाड बिजागऱ्या आणि महिन्याला ग्रीस, एवढे पुरते.

शेडसाठी कोकणात जांभ्याच्या चिऱ्याची भिंत काँक्रीटच्या सांगाड्यापेक्षा शहाणपणाची आहे. जांभ्यात गंजायला लोखंड नाही, गवंडी गावातला आणि दुरुस्ती सोपी. छपराचे तेवढे सोपे नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर कौले आणि पत्रे दोन्ही उडवले. म्हणून छप्पर कशाचेही असो, वाशे भिंतीत खोलवर बांधून घेतलेले हवेत, आणि त्या बांधणीचे लोखंड जस्ताचा गरम मुलामा दिलेले.

जागेच्या बाबतीत इथला नमुना आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. सिडनीत भरती-ओहोटीचा फरक फार तर दोन मीटर. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला तो चार मीटरच्या वर जातो. सपाट पुळणीवर याचा अर्थ असा की सकाळी शेडच्या दारात असलेले पाणी दुपारी शेकडो मीटर लांब गेलेले असते आणि बोट ओल्या वाळूतून ढकलत न्यावी लागते. शेड पुढे सरकवावी तर उधाण ती खाते. सिडनीच्या कोलरॉयला जून २०१६ च्या वादळाने किनाऱ्यालगतच्या घरांची अंगणे आणि एक पोहण्याचा तलाव समुद्रात ओढला, तेव्हापासून इथे प्रत्येक नव्या इमारतीच्या जागेवर जास्त बारकाईने विचार होतो. कोकणासाठी उत्तर दोन तुकड्यांत आहे. पक्की शेड मागे, गावठाणाच्या बाजूला, परवानगी बसते तिथे. आणि पुळणीवर हलवता येणारा लाकडी मंच: डोळ्यांची पातळी वाळूपासून तीन-साडेतीन मीटर, सावली, भोंगा, दोन रेस्क्यू ट्यूब. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत किनाऱ्यावर भरतीरेषेपासून किमान १० मीटरवर शौचालये, कपडे बदलण्याच्या खोल्या, शॉवर अशा तात्पुरत्या पर्यटन सुविधांना वाव ठेवला आहे. त्यात बसेल असे काम मागितले तर फाइल लवकर हलते. पावसाळ्यात बोट लाटेत घालताच येत नाही, तेव्हा हा मंच, लाल झेंडा आणि शिट्टीच काय ते काम करतात.

राहिला स्वयंसेवकांचा प्रश्न, आणि इथे माझे मत ऑस्ट्रेलियाच्या चाहत्यांना आवडणार नाही. इथल्या स्वयंसेवकाला शनिवार-रविवार सुट्टी असते आणि आठवड्याचा पगार बँकेत आलेला असतो. तारकर्ली, दिवेआगर, गणपतीपुळ्याच्या तरुणाची कमाई नेमकी शनिवारी-रविवारी होते: बोट, खाणावळ, घरगुती निवास, वॉटर स्पोर्ट्स. त्याला त्या दिवशी फुकट गस्त घाल म्हणणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे. तरीही कुणी बुडताना दिसले की पहिली उडी याच मच्छीमारांची आणि बोटवाल्यांची पडते. गोव्याने २००८ पासून दृष्टी या संस्थेला कंत्राट देऊन पगारी जीवरक्षक ठेवले. त्या व्यवस्थेवर हवी तेवढी टीका करता येईल, पण किनाऱ्यावर कोण उभे आहे आणि त्याला पैसे कोण देते, हे तिथे स्पष्ट आहे. कोकणात मिश्र व्यवस्था हवी. गावागणिक चार-सहा कायम पगारी जीवरक्षक, आणि त्यांच्या हाताखाली प्रशिक्षित स्थानिकांची फळी, जिला सुट्ट्यांच्या प्रत्येक दिवसाचे मानधन मिळेल. प्रशिक्षणासाठी गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहेच.

पैसा अगदीच नाही असे नाही. जिल्हा वार्षिक योजना आहे, आमदार निधी आहे, पर्यटन विभागाची कामे आहेत. अडते ते लेखाशीर्षावर, म्हणजे सरकारी खर्चाच्या ठरलेल्या खात्यावर. ज्या शीर्षातून मनोरा बांधला जातो त्यातून इंजिनाचे तेल, डीफिब्रिलेटरचे (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचे) मुदत संपलेल्यांच्या जागी नवे पॅड किंवा दाराचे ग्रीस घेता येत नाही. बांधणारा विभाग काम पूर्ण करून ग्रामपंचायतीकडे हस्तांतर करतो, ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात त्यासाठी रक्कम नसते, चावी कार्यालयाच्या खणात जाते. इथल्या अर्जातला ‘पुढची देखभाल कोण करणार’ हा रकाना सर्वांत आधी उचलून आपल्याकडे आणावा. बांधकाम मंजुरीच्या आदेशातच वर्षाची देखभाल रक्कम, ती कोणत्या शीर्षातून येईल आणि चावी कोणत्या जीवरक्षकाकडे राहील, हे लिहिलेले असावे. पार्किंगच्या पावत्यांतून ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पैशाचा ठरावीक भाग यासाठी बाजूला काढणे ग्रामसभेच्या ठरावाने जमण्यासारखे आहे.

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या निमित्ताने एक सांगायला हवे. जानेवारी २०२४ मध्ये व्हिक्टोरियातल्या फिलिप आयलंडवर फॉरेस्ट केव्ह्ज येथे भारतीय वंशाचे चार जण बुडाले. त्या किनाऱ्यावर गस्त नव्हती. क्लबची इमारत दिसली म्हणजे गस्त आहे असेही समजू नये. लाल-पिवळे झेंडे रोवलेले असतील तरच पाण्यात उतरावे, आणि त्या दोन झेंड्यांच्या मधेच.

कोकणातल्या कामांसाठी बिलाच्या अटींत एक बदल सुचवतो. शेवटचे १० टक्के पैसे काम पूर्ण झाल्यावर लगेच न देता पहिला पावसाळा उलटल्यावर, ऑक्टोबरमध्ये द्यावेत. त्या दिवशी ग्रामसेवक, जीवरक्षक आणि अभियंता यांनी जागेवर उभे राहून पाहावे: दार एका माणसाला उघडते का, नळाला पाणी आहे का, ट्रेलरची चाके फिरतात का, रॅम्पखालची वाळू वाहून गेली आहे का, इंजिन तिसऱ्या झटक्याच्या आत सुरू होते का. आणि मागच्या तीन महिन्यांची गस्तीची नोंदवही, रोजच्या सह्यांसकट, टेबलावर असावी.