सडा पडीक आहे, पण कुणाच्या नकाशात?

कोकणातल्या सड्यांबद्दल, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठारांबद्दल, एक दावा सारखा फिरतो: "सातबारा काढा, उपग्रहाचं चित्र बघा. नुसता कातळ. पडीक जमीन, कुणाच्याच उपयोगाची नाही." रत्नागिरी-राजापूरचे सडे पायाखाली घातलेल्या माणसाला हे ऐकवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलंय." हाच पुरावा सगळ्यात जोरात पुढे केला जातो. पण हा शब्द आकारणीचा, म्हणजे शेतसारा बसवण्याच्या हिशेबाचा आहे. १८३० च्या दशकात मुंबई इलाख्यात ब्रिटिशांची महसुली मोजणी सुरू झाली. तिला कळीचा प्रश्न होता, सारा कशावर बसवायचा? ज्यावर बसत नाही ते खराब्यात गेलं. आजही पोटखराब्याचे दोन वर्ग आहेत. 'अ' वर्गात लागवडीला अयोग्य जमिनीच्या जोडीला शेतघर आणि खळंही धरलं जातं. 'ब' वर्गात रस्ता, पायवाट, लोकांच्या पाण्याचं तळं, स्मशान. म्हणजे भात झोडायचं खळंसुद्धा या हिशेबात खराबाच! सातबारा खोटा आहे असं मी म्हणत नाही. हक्काच्या भांडणात तोच कामी येतो. पण ज्याच्यावर सारा नाही ते निरुपयोगी, असं तो कुठेही म्हणत नाही.

"वरून काहीच दिसत नाही." ढग नसलेली चित्रं निवडून उपग्रहाचे नकाशे तयार होतात, आणि सडा जागा होतो तो ढगांखाली. पावसाच्या सुरुवातीला दिपकाडीची पांढरी फुलं, मग श्रावण-भाद्रपदात सीतेच्या आसवांची निळाई आणि गेंदाचे पांढरे गोंडे. जिथे वीतभर माती साचली आहे तिथे भाताची रोपं उभी असतात.

"तिथे कुणी राहत नाही." घरं नाहीत, हे खरं. पण एखाद्या गुराख्याबरोबर सडा चालून बघा. कुठल्या खळग्यात पाणी जास्त दिवस टिकतं, गवत कुठे आधी वाळतं, पलीकडच्या वाडीची पायवाट कुठून उतरते, हे तो न थांबता सांगतो. त्याचा नकाशा कागदावर नाही, इतकंच. आणि जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून मुरतो आणि पायथ्याच्या झऱ्या-विहिरींना मिळतो. खालच्या वाडीतल्या बाईला विचारा, ती सडा आणि विहीर वेगळी धरतच नाही.

"कातळशिल्पं तर आत्ता सापडली." कातळशिल्पं म्हणजे सड्याच्या कातळावर कोरलेल्या जुन्या आकृत्या. त्यांची नोंद आत्ता झाली. कशेळीचा प्रचंड हत्ती, बारसू, देवीहसोळ, उक्षी अशी महाराष्ट्रातली आठ ठिकाणं आणि गोव्यातलं पणसायमळ २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली. पण शोधकर्ते सडे तुडवत फिरले ते गावकऱ्यांना आणि गुराख्यांना विचारत विचारतच. अनेक आकृत्या त्यांच्या रोजच्या वाटेवर होत्या.