अंबडची रात्रपाळी आणि मेलाटोनिनची डबी

गेल्या रविवारी नाशिकहून धाकट्या मावसबहिणीचा व्हिडिओ कॉल आला. इकडे मेलबर्नमध्ये दुपार कलली होती आणि मी नाइट करून नुकतीच उठले होते. तिने कॅमेऱ्यासमोर गोळ्यांची डबी धरली. "ताई, ही रोज घ्यायची ना? बीज चांगलं होतं म्हणे." डबीवर लिहिलं होतं मेलाटोनिन, 10 मिलिग्रॅम. मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागताच दिलेली.

ती अंबड एमआयडीसीत कामाला आहे, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. सासूबाईंचं म्हणणं, जागरणाने पोट पिकत नाही, नोकरी सोड. कंपनीतल्या मैत्रिणी म्हणतात, नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितेनेही बायकांना संमतीने रात्रपाळीची मुभा दिली आहे, आता तू मागे फिरू नकोस. या ओढाताणीत ती डबी घरात आली.

मी नर्स आहे, गेली नऊ वर्षं नाइट करते. सासूबाईंच्या बोलण्यात तथ्याचा अंश आहे, हे मला मान्य करावंच लागतं. अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडते, डोळ्यावर उजेड आला की थांबते. हे संप्रेरक फक्त झोपेपुरतं नाही. बीजांडकोशात पक्व होत आलेल्या बीजाभोवतीच्या द्रवात ते रक्तातल्यापेक्षा जास्त प्रमाणात सापडतं. बीज बाहेर पडण्याच्या सुमाराला तिथे पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे रेणू तयार होतात, त्यांच्यापासून ते बीजाला जपतं. रात्रपाळी आणि अनियमित मासिक पाळी यांचा संबंधही अनेक पाहण्यांत दिसला आहे. पण त्यावरून एखाद्या बाईला मूल का होत नाही, हे घरबसल्या कुणी ठरवू शकत नाही.

आणि गोळीचं काय? जपानमध्ये 2008 साली, आधीच्या आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात, बीजं नीट फळली नव्हती अशा बायकांना रात्री 3 मिलिग्रॅम मेलाटोनिन दिलं, तेव्हा फलनाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. त्याच आशेने आमच्या मेलबर्नमध्येही चाचणी झाली. 160 बायका, काहींना मेलाटोनिन, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. 2018 मध्ये निकाल आला: गर्भ राहण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 1992 सालच्या एका अभ्यासात रोज 300 मिलिग्रॅम मेलाटोनिन देऊन बीज बाहेर पडणं रोखता येतं का, हे तपासलं होतं, म्हणजे मूल होऊ नये म्हणून! तो डोस बहिणीच्या गोळीच्या तीसपट, तुलना सरळ होत नाही. तरी हे संप्रेरक आहे, शेंगदाण्याचा लाडू नव्हे, एवढं त्यातून कळतं. इथले मेंढपाळसुद्धा मेंढ्या हंगामाआधी माजावर याव्यात म्हणून कानाच्या बुडाशी मेलाटोनिनची बारीक गोळी कातडीखाली घालतात. बाईला असा ऋतू नसतो, पण जे औषध प्राण्याचं प्रजननचक्र हलवतं ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नये, असं मला कळकळीने वाटतं. ऑस्ट्रेलियात पंचावन्नच्या आतल्या माणसाला ते झोपेसाठी रोज घ्यायला चिठ्ठीशिवाय मिळत नाही. या बाबतीत मला इथली शिस्त पटते.

इथलं सगळंच मात्र तिकडे लागू पडत नाही. नाइटहून परतताना मी ट्रेनमध्ये काळा गॉगल लावते, खोलीच्या काचेला ॲल्युमिनियम फॉइल चिकटवलंय, फोन बंद. सात तास मला कुणी हाक मारत नाही. बहीण सिडकोच्या दोन खोल्यांत राहते. सकाळी आठला घरी येते तेव्हा पाणी भरायचं असतं, कुकर लावायचा असतो ते वेगळंच, आणि डोळा लागेपर्यंत दारात भाजीवाला ओरडतो. रात्री तिचा अंधार कंपनी घेते आणि दिवसा तिची झोप घर घेतं. नोकरी सोड म्हणणाऱ्यांनी आधी तिला दिवसा सहा तास बंद दाराआड झोपू द्यावं. कंपनीनेही दर आठवड्याला पाळी उलटी फिरवणं थांबवता येतं का, ते बघावं.

मी तिला विचारलं, "नवऱ्याची तपासणी झाली का?" ती गप्प झाली. चार वर्षांत तिच्या तीन सोनोग्राफी झाल्या, रक्ताच्या तपासण्या झाल्या, एकदा गर्भाशयाच्या नळ्या उघड्या आहेत का ते बघायची तपासणीही झाली, जी दुखते. नवऱ्याची वीर्यतपासणी एकदाही नाही. सगळ्यांत सोपी, स्वस्त, न दुखणारी तपासणी. मूल न होणाऱ्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण किती वेळा निघतं, हे वॉर्डात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. मला त्या क्षणी राग आला आणि तो मी लपवला नाही.

काल तिचा मेसेज आला. डबी कपाटात ठेवलीय. शनिवारी दोघं गंगापूर रोडला डॉक्टरांकडे एकत्र जाणार आहेत, आधी त्याची तपासणी. सोबत फोटो होता: खिडकीवर आईच्या जुन्या काळ्या साडीचा दुहेरी पडदा, आणि कडेने येणारी उजेडाची एक बारीक रेघ. तिथेही चिकटपट्टी लावायचीय, असं तिने खाली लिहिलं होतं.