‘हौशी बायकांचा टाइमपास’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

ॲमॅरिलिस म्हणजे मोठ्या फुलांच्या लिलीच्या चार जाती मी कुंड्यांत लावून त्यांची तुलना केली, त्यावर लिहिलेल्या लेखाखाली ‘कृष्णाकाठचा माळी’ या नावाने सांगलीहून एक प्रतिक्रिया आली आहे. ती आधी जशीच्या तशी देते.

“मॅडम, लेख वाचला. पहिल्या वर्षीचं फूल हॉलंडच्या शेतकऱ्याने कंदात भरून पाठवलेलं असतं, त्यात तुमचं कर्तृत्व शून्य. तुलना करायची तर तिसऱ्या वर्षी करा. फोटोत शेजारी पट्टी नाही, मग सात इंच कशावरून? सांगलीत हे कंद दुसऱ्या पावसाळ्यात कुजतात. कास दाराशी असताना परदेशी कंद कशाला? एकूण काय, हौशी बायकांचा टाइमपास.”

आपण वेळ काढून लेख वाचलात, त्याबद्दल आभार. पट्टीचा मुद्दा मान्य. मोजलं मी शिवणाच्या टेपने, आणि वहीत लिहिलं. पण फोटोत टेप दिसत नाही हे खरं आहे. या हंगामात प्रत्येक फुलाशेजारी पट्टी धरून फोटो काढीन.

आता शेवटच्या वाक्याबद्दल. सगळी प्रतिक्रिया मी शांतपणे वाचली आणि त्या वाक्याशी थांबले. लेखात चूक असेल तर चूक दाखवा, मी वाचेन. पण ‘बायकांचा’ हा शब्द तिथे कशासाठी आला? कंदाला पाणी कोण घालतं, बाई की पुरुष, यावर त्याचं फूल लहानमोठं होत नाही. तुलनेच्या तक्त्याचे हेच चार रकाने एखाद्या गृहस्थाने भरले असते तर त्याला आपण ‘अभ्यास’ म्हणाला असतात, असं मला वाटतं आणि ते मी स्पष्ट बोलून दाखवते.

माझं माहेर वाईचं. परसात आडाजवळ नारिंगी लिलीचं एक बेट होतं, आजीच्या सासूने लावलेलं. दर उन्हाळ्यात ते फुलायचं आणि कंद दाटले की आजी ते उकरून शेजारणींना वाटायची. लग्न होऊन साताऱ्यात आले तेव्हा पितळी डब्यांच्या जोडीने त्यातले कंद माझ्याबरोबर आले. सासरी अजिंक्यताऱ्याच्या उतारावरची मुरमाड जमीन. तिथे ते रुजले, वाढले, आणि आमच्या गल्लीत आज ज्यांच्या ज्यांच्या दारात ती लिली आहे त्यांच्याकडे ती माझ्या हातून गेली आहे. कोणत्याही रोपवाटिकेच्या यादीत ती जात तुम्हाला सापडणार नाही. ती टिकली ती पदरात बांधून नेलेल्या कंदांमुळे. याला टाइमपास म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण मग ती लिली तुमच्या सांगलीच्या वाड्यांत कशी पोहोचली तेही एकदा विचारा. तुमच्याच घरच्या थोरल्या बाईंना विचारलंत तरी चालेल.

आणि हौशी माणसांचा इतका तिटकारा असेल तर या फुलांचा नादच सोडायला हवा. आज आपण ज्यांना ॲमॅरिलिस म्हणून विकत घेतो त्या मोठ्या फुलांच्या हिप्पेस्ट्रमचा पहिला संकर १७९९ साली इंग्लंडमध्ये लँकशायरच्या प्रेस्कॉट गावात झाला. तो करणारा आर्थर जॉन्सन हा घड्याळजी होता. शेतकरी नव्हता, वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापकही नव्हता. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या दोन जातींचा त्याने फावल्या वेळात संकर केला, आणि ते झाड अजून त्याच्या नावाने ओळखलं जातं. १८२१ साली हिप्पेस्ट्रम ही प्रजाती वेगळी काढणारे विल्यम हर्बर्ट पुढे मँचेस्टरचे डीन झाले, म्हणजे चर्चचे माणूस. कंद हा त्यांचा छंद. याच कुळातला स्नोड्रॉप घ्या. बोटभर उंचीचं पांढरं फूल, ऐन थंडीत येणारं. हेन्री एल्विस यांना १८७४ साली तुर्कस्तानात स्मर्नाजवळच्या (आजच्या इझमीरजवळच्या) डोंगरात त्याची मोठ्या फुलाची जात दिसली, आज ती त्यांच्याच नावाने चालते. इंग्लंडमधले लोक अजून फेब्रुवारीच्या चिखलात गुडघे टेकून त्याच्या पाकळीवरचा हिरवा ठिपका एक आहे की दोन, हे बघत असतात. त्यांना कुणी टाइमपास करणारे म्हणत नाही, आणि म्हटलं तरी ते उठत नाहीत.

पहिल्या वर्षीच्या फुलाबद्दल. हे मला ठाऊक नसेल असं आपण का गृहीत धरलंत? कंदात साधारण दर चार पानांमागे एक कळी धरते, आणि ती फुलण्याच्या बरीच आधी आत तयार झालेली असते. म्हणूनच कंद घेराच्या सेंटिमीटरवर विकतात, चोवीस-सव्वीसचा स्वस्त, चौतीसचा महाग. घेर मोठा तसे दांडे जास्त. मी चारही जाती एकाच घेराच्या घेतल्या होत्या आणि एकाच दिवशी लावल्या होत्या. हॉलंडच्या शेतकऱ्याने चौघींनाही सारखंच जेवू घातलं होतं, असं समजा. मग फरक दिसला तो जातीचा. मला तेवढंच सांगायचं होतं, त्यावर आणखी वाद घालण्यासारखं काही नाही.

आणि फरक फक्त इंचांचा नव्हता, हे लेखात होतं. आपण इंचांवरच अडलात. रेड लायनचा दांडा एप्रिलच्या वाऱ्यातही ताठ राहतो, चारही फुलं चार दिशांना तोंड करून उभी. ॲपल ब्लॉसमला मंद वास आहे, पण दुपारच्या उन्हात त्याच्या गुलाबी कडा फिकट पडतात, म्हणून ती कुंडी पूर्वेच्या ओट्यावर हवी. मिनर्व्हाची पांढरी चांदणी दुरून सगळ्यात उठून दिसते. डान्सिंग क्वीन दुहेरी पाकळ्यांची. पाकळ्या भरगच्च, त्यामुळे डोकं जड, आणि वळवाचा एक शिडकावा झाला की पाणी धरून दांडाच मोडतो. फूल सगळ्यात भारी असूनही मी तिला शेवटचा नंबर दिला. मोठं तेच चांगलं, असं मी मानत असते तर ती पहिली आली असती.

कंद कुजण्याबद्दल. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात जातीचा काय दोष? कंदाचा एक तृतीयांश भाग मातीच्या वर ठेवा, कुंडीत मुरूम आणि वाळू सढळ हाताने घाला. मी दिवाळीनंतर पाणी तोडते, महाशिवरात्रीच्या सुमारास वरची माती बदलून शेणखत आणि निंबोळी पेंड देते, मग पाडव्याच्या आसपास दांडे वर येतात. पावसाळ्यात कुजण्यापेक्षा अळीची भीती जास्त. काळी, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांची ती अळी पानं खात थेट कंदाच्या मानेपर्यंत जाते. रात्री टॉर्च घेऊन मी ती हाताने वेचते. भर पावसात, अंगावर इरलं घेऊन. हे आपल्याला टाइमपास वाटेल का, ते मला कळत नाही.

कासबद्दल मात्र मला खरोखर राग आला. कास २०१२ पासून जागतिक वारसा आहे, आणि तिथलं रोप कुंडीत आणायचं नसतं. तिथल्या पठारावर या लिलींच्याच कुळातला पॅनक्रॅशियम हा कंद फुलतो. पहिल्या पावसानंतर मी तो बघायला जाते आणि बघून परत येते. महाबळेश्वरच्या कड्यांवर क्रायनम ब्राकिनेमा हा आपल्या सह्याद्रीचा कंद आहे, पश्चिम घाटाच्या या टोकाबाहेर जगात कुठेच नाही, आणि आता फार थोडा उरला आहे. त्याला १८४२ साली नाव दिलं ते त्याच हर्बर्टने, मँचेस्टरच्या त्या हौशी माणसाने. परदेशी कंद कुंडीत लावण्याने त्याचं काही बिघडत नाही. पावसाळी सहलीला गेलेले लोक तो उपटून घरी आणतात, त्याने बिघडतं. ‘कास दाराशी असताना’ असं लिहून आपण वाचणाऱ्याच्या हातात नेमकं कोणतं खुरपं देता, याचा विचार करावा.

या वर्षी चारही जाती तिसऱ्या हंगामात जात आहेत. फोटो पाडव्यानंतर टाकीन, पट्टीसकट आणि कंदाच्या घेरासकट. आपल्याकडे तिसऱ्या वर्षीचं फूल असेल तर तेही पाठवा, जातीच्या नावासह. सांगलीच्या मातीत कोणती जात तग धरते हे मलाही हवं आहे, आणि ते मी आपल्या नावानेच छापीन.