तात्यांनी पाडलेला उजेड

परवा रविवारी यवतेश्वरच्या घाटात आमच्या 2004 सालच्या मारुती 800 चा ऑईलचा लाल दिवा लागला. मी तिथल्या तिथं इंजिन बंद केलं. त्या दिवशी माझ्या हातून घडलेलं शहाणपण एवढंच, आणि त्याचंही कुणी कौतुक केलं नाही. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "कास आलं का?"

डिपस्टिक ओढली, पुसली, परत घालून ओढली. ऑईल वरच्या खुणेला टेकलेलं. म्हणजे ऑईल आहे, प्रेशर नाही. आमच्या नळासारखंच: कासचा तलाव काठोकाठ, आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावर करंगळीएवढी धार.

तेवढ्यात एम-एटीवर गवताचा भारा घेऊन तात्या अवतरले. नाव माहीत नाही, पण असा माणूस तात्याच असतो.

"काय झालं ओ?"

"ऑईलचा दिवा लागलाय."

"मग लागू द्या की! इझल्यावर काळजी करायची."

हा देवापुढचा दिवा नव्हे, हे मी समजावलं. पंपानं ऑईल बेअरिंगांपर्यंत पोचवलं नाही तर धातूवर धातू घासतो आणि बघता बघता इंजिन जाम होतं. तात्यांनी शांतपणे ऐकलं, तंबाखू मळली, चुन्याची डबी बंद केली आणि विचारलं, "किती सालची हाय?"

"2004."

"हां."

रिपोर्ट बघून डॉक्टर करतात तसलं 'हां'. मग माझ्या हातातून डिपस्टिक घेऊन त्यांनी ऑईलचा थेंब दोन बोटांत चोळला, हुंगला. "दूध असतं तर फॅट सांगितलं असतं," म्हणाले, आणि बोटं माझ्या बॉनेटला पुसली.

"माझ्या मेव्हण्याच्या जीपला असंच व्हायचं. बल्ब काढून टाकला. परत म्हणून दिवा लागला न्हाई."

"अजून चालते जीप?"

"जीप कुठली आता! इंजिन जाम झालं, भंगारात घातली. पर दिवा न्हाई लागला."

मग माझ्याकडं पाठ करून ते सासूबाईंना म्हणाले, "मावशी, जावई जरा हात आखडून असत्यात जणू." सासूबाई डब्यातली पुरणपोळी त्यांच्या हातावर ठेवत म्हणाल्या, "मी कधीची सांगते, नवी घ्या." ती पोळी माझ्या वाटणीची होती. पंधरा वर्षं झाल्यावर रांगेत उभं राहून, पैसे भरून पासिंग करून घेतलेली गाडी आहे ही. तिचं दुखतंय कुठं हे कुणी विचारत नाही, वय तेवढं विचारतात.

पिकअपला दोरीनं बांधून गाडी खाली आणली, त्यात माझा अर्धा जीव गेला. गॅरेजवाल्यानं आधी दिवा लावणारा ऑईलचा स्वीच बदलला, कारण पुष्कळदा तोच खोटं बोलतो. रेस दिल्यावर दिवा पुन्हा हजर. मग स्वीचच्या जागी प्रेशर मोजायचा गेज लावला. इंजिन स्लोला असताना काटा ठीक. रेस वाढवली की खाली. "बेअरिंगं गेली असती तर गरम झाल्यावर स्लोला दिवा लागला असता आणि रेस दिल्यावर विझला असता. तुमचं उलटं हाय. पंपाला ओढायला ऑईलच गावत न्हाई," तो म्हणाला. दिवसभरात मी ऐकलेलं पहिलं अक्कलेचं वाक्य.

इंजिनाखालचा ऑईलचा चेंबर खोलला. तळाला वाटीएवढा पोचा, आणि आतून पत्रा थेट पंप जिच्यातून ऑईल ओढतो त्या जाळीला टेकलेला. गाळ नाही, झीज नाही. खालून टोला बसलेला.

आणि टोला कुठला, ते मला तिथंच आठवलं. आमच्या गल्लीत गणपतीआधी रातोरात एक गतिरोधक उगवलाय. नियमात गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, म्हणजे चाक अलगद चढून उतरावं असा. आमचा म्हणजे अजिंक्यताऱ्याचं पिल्लू. पट्टे नाहीत, फलक नाही. मी अर्ज दिला, पोच मिळाली. चेंबर, जाळी, पॅकिंग, नवं ऑईल, मजुरी, सगळं मी भरलं. रस्त्याचा करही मीच भरलेला. टोलाही माझाच, बिलही माझंच!

आता गतिरोधक आला की सगळ्यांना खाली उतरवतो आणि रिकामी गाडी तिरकी करून, चाकागणिक पलीकडं नेतो. काल संध्याकाळी हे चालू असताना सासूबाई कडेला उभ्या राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "त्या तात्यांनी सांगितलेलं बल्बाचं केलंत का?"