सात अक्षरांची साडेसाती

भाऊबीजेला आमच्या वन्सं ओवाळणी घेऊन जातात आणि जाता जाता माझी अब्रूही. फराळाच्या ताटल्या उचलल्या रे उचलल्या की त्यांच्या पिशवीतून स्क्रॅबलचा, म्हणजे पटावर अक्षरं मांडून इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळाचा, डबा निघतो. "चल गं, एकच डाव!" तो एकच डाव संपेपर्यंत शेजारपाजारचे आकाशकंदील विझलेले असतात.

तसं मला इंग्रजी येतं. ऑफिसात दिवसभर तेच खरडते. पण या खेळाला इंग्रजी लागतच नाही. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, तेव्हा त्याला फ्रेंचमध्ये धड गप्पाही मारता येत नव्हत्या. पठ्ठ्याने शब्दकोश पाठ केला होता. वन्सं त्याच घराण्यातल्या. "अर्थ विचारायचा नाही, कोशात आहे की नाही एवढंच बघायचं," हा त्यांचा दंडक. मागे एकदा त्यांनी सी, डब्ल्यू, एम अशी तीन अक्षरं ओळीने मांडली. त्यात स्वर नावाला नाही. मी डोळे फाडून बघतेय तोवर त्यांनी कॉलिन्सच्या इंग्रजी शब्दकोशाचा ठोकळा माझ्यापुढे सरकवला. वेल्सच्या डोंगरातली दरी म्हणे! बरं बाई.

हे सगळं आल्फ्रेड बट्स नावाच्या गृहस्थाचं पाप. न्यूयॉर्कचा आर्किटेक्ट. १९३० नंतरच्या मंदीत हाताला काम नाही, म्हणून वर्तमानपत्रातली अक्षरं मोजत बसला. त्या मोजणीवरून डब्यातल्या १०० टाइल्सची, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्यांची, वाटणी ठरली. ई १२, क्यू मात्र एकच, म्हणून त्याला १० गुण. एस इतका लागतो, तरी तो मुद्दाम चारच ठेवला, नाहीतर जो तो अनेकवचनं करत सुटला असता. हिशेब अगदी चोख. फक्त पिशवीत हात मी घातला की तो हिशेब कुठे जातो, देव जाणे.

मग सुरू होतो खरा छळ. मी रॅकवरची, म्हणजे पुढ्यातल्या पट्टीवरच्या सात अक्षरांतली, डावीकडची टाइल उजवीकडे नेते, मधली टोकाला, टोकाची परत मधे. व्ही कुठेही ठेवला तरी माझ्याकडे खुन्नसने बघतो. समोर वन्सं चकली खातात. एकेक वेढा मोडून, सावकाश, कट्... कट्... घड्याळ परवडलं.

आणि त्यांच्या हातात मात्र आर, ई, टी, एस, आय, एन, ए असलं देखणं कुटुंब येतं! यातून त्यांना 'रिटेन्स' दिसतं, 'रेटिनाज' दिसतं, 'नॅस्टिअर' दिसतं (ते मला त्यांच्याकडे बघून सुचायला हवं होतं), आणि त्या लावतात 'रेटसिना'. ग्रीसमधली वाइन. जन्मात चहापलीकडे काही प्यायल्या नाहीत. शब्द मोजून सात गुणांचा, पण सातही टाइल्स एका दमात संपवल्या की ५० गुण वर!

माझी भिस्त सगळी स्वयंपाकघरावर आणि राजकारणावर. इडली, रोटी, घेराव, बंद, सगळं कॉलिन्सात आहे. भजीला तर 'जे' (J) या अक्षरामुळे १७ गुण मिळतात. पण भजी काही रोज लागत नाही.

यंदा रॅकवर यू, यू, ओ, ए, ई, आय आणि तो व्ही. निव्वळ आक्रोश. पाणी प्यायच्या निमित्ताने मी उठले, तर मागोमाग वन्संचाच मुलगा आत आला. घरभेदी असावा तर असा. "मामी, अक्षरं सांग पटकन." अक्षरं टाकली की शब्द ओकणारी साइट त्याच्या मोबाइलवर उघडीच होती. पटावर एक ई मोकळा होता, तो धरून शोधलं आणि आम्ही दोघं स्क्रीनकडे बघतच राहिलो. ई, यू, ओ, यू, ए, ई. सहा अक्षरं, सहाही स्वर!

बाहेर येऊन मी पाच टाइल्स त्या ई शेजारी मांडल्या. वन्संचा घास तसाच राहिला.

"हे काय? रडतेयस का?"

"चॅलेंज करा ना!"

त्यांनी चष्मा लावला, ठोकळा उघडला, बोट फिरवत नेलं आणि थांबवलं. शब्द होता! जुन्या चर्चसंगीतातला काहीतरी. भाचा छताकडे बघत होता. मी वहीत ऐटीत गुण मांडले. सहा.

"छान शब्द आहे गं," वन्सं म्हणाल्या, आणि वरून खाली एफ, ए, क्यू, आय, आर लावत आल्या. फकीर. शेवटी माझ्या शब्दाच्या शेपटीला हलकेच एक एस टेकवला. आता माझ्या शब्दाचंही अनेकवचन झालं होतं आणि फकिरांचंही, आणि गुण दोन्हींचे त्यांना.

"पंचवीस लिही."