स्टँड ठेवा हो, पण जरा खाली

हल्ली जुन्या मराठी गाण्यांचा कुठलाही कार्यक्रम बघा, स्टेजवर माणसांइतकेच गाण्याचे कागद ठेवायचे स्टँड असतात. आणि मध्यंतरात चहाच्या रांगेत कुणीतरी हमखास म्हणतंच, "काय हे, गाणी पाठ नाहीत यांना?" मला हे बोलणं पटत नाही आणि ते स्टँडही डोक्यात जातात, त्यामुळे दोन्हीकडून शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.

बघून वाजवणं म्हणजे कमीपणा, हे खूळ आपल्याकडे बैठकीतून आलंय. तिथे ते ठीक आहे, पुढची तान कागदावर नसतेच तर कागद ठेवून करणार काय (बंदिशीची छोटी वही मांडीशेजारी असते बऱ्याच जणांची, पण ते सोडा). पण तोच नियम व्हायोलिनच्या अख्ख्या सेक्शनला लावायचा म्हणजे कमाल आहे. मुंबईत एनसीपीएच्या थिएटरात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकायला गेलात तर मुद्दाम बघा, दोन व्हायोलिनवाल्यांत मिळून एक स्टँड असतो, पान संपत आलं की आतल्या बाजूचा वाजवायचं थांबून पान उलटतो आणि बाहेरचा वाजवत राहतो, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आणि आपल्या लाडक्या जुन्या हिंदी गाण्यांतले ते व्हायोलिनचे तुकडे? गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये नोटेशन (कागदावर लिहिलेले सूर वाचणं) शिकून मुंबईला आलेल्या वादकांनी ते स्टुडिओत कागद समोर ठेवूनच वाजवलेत. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर प्रत्येकाचा भाग लिहून द्यायचे. पाठ करत बसले असते तर रेकॉर्डिंग झालंच नसतं.

गंमत म्हणजे युरोपात एकेकाळी उलटं होतं. क्लारा शूमननं (तेव्हा क्लारा वीक) 1837 मध्ये बर्लिनला न बघता पियानो वाजवला तर बेटिना फॉन आर्निमसारख्या नावाजलेल्या लेखिकेनं नाकं मुरडली, की केवढा हा आगाऊपणा! पुढे पाठ वाजवणं हीच शान झाली. आणि मग रिक्टरसारखा बाप पियानिस्ट उतारवयात हॉलमध्ये अंधार करून, फक्त कागदावर एक दिवा ठेवून, खुशाल बघून वाजवायला लागला. कोण काय म्हणणार त्याला?

त्यामुळे वादकांना माफ. माझं भांडण गायकांशी आहे, आणि तेही बघून गाण्याशी नाही, स्टँड छातीपर्यंत उंच करून त्याच्यामागे उभं राहण्याशी आहे. तिसऱ्या रांगेतून आम्हाला काय दिसतं, तर एक काळा पत्रा आणि वर कपाळ. त्यात टॅब असेल तर चेहऱ्यावर खालून निळा उजेड, प्रेमगीत चालू आणि माणूस भुतासारखा दिसतोय! मुखडा तर शेंबड्या पोरालाही पाठ असतो, त्या चार ओळींना तरी वर बघा ना राव. तिसऱ्या कडव्याला वाकून बघितलंत तर कुणी काही म्हणणार नाही.

उपाय अगदी साधे आहेत. स्टँड कमरेच्या जरा वर, पत्रा जवळजवळ आडवा आणि समोर न ठेवता थोडा बाजूला. अक्षर एवढं मोठं की उभ्या उभ्या नजर टाकली की दिसलं पाहिजे. गाणं दोन पानांवर जात असेल तर कागद शेजारी शेजारी सेलोटेपनं जोडा, ऐन समेवर पान उलटू नका. टॅब वापरत असाल तर काळ्यावर पांढरी अक्षरं, ब्राइटनेस कमी आणि फ्लाइट मोड, कारण "बसलास का ट्रेनमध्ये" हा मेसेज अंतऱ्याच्या मधोमध आला की गायकाचा चेहरा जो होतो तो सगळ्या हॉलला दिसतो. पान उलटायला पायाचं ब्लूटूथ पेडल मिळतं, कीबोर्डवाल्यांनी तर घ्यावंच, दोन्ही हात अडकलेले असतात त्यांचे.

आणि आयोजक मंडळी, ते तारेचे घडीचे स्वस्त स्टँड आणता ना, त्यांचा स्क्रू आधी घट्ट होतो का ते बघून घ्या, नाहीतर गाणं वर चढतं आणि स्टँड खाली उतरत जातो. ओपन एअर कार्यक्रम असेल तर प्रत्येक स्टँडला कपड्यांचे दोन चिमटे द्या, ते विसरलात तर तबलजीला गायकाचे कागद गोळा करत बसावं लागतं.